मदत कोणाची?

प्रश्न रकमेने अगदी लहान आहे. पण मनाला टोचतो, म्हणून आपणांपुढे ठेवतो.

सन २०१९ च्या ऑक्टोबरात पावसाने जायचे नावच घेतले नाही. न्हावा, शेवा, उरण-पनवेल या बाजूला बंदर आणि सिडको यांनी घेऊन उरलेल्या जमिनीत जे काही भात होते ते आडवे झाले. कापून ठेवलेल्या भाताला शेतातच मोड आले. राज्यात पुढे राष्ट्रपती राजवट लागली. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरीप पिकास हेक्टरी ८,००० रुपये, फळबागेस १८,०००, आणि मर्यादा दोन हेक्टरांची. म्हणजे भाताला गुंठ्यामागे ऐंशी रुपये!

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. माळकरी; एकादशी कधी चुकवायचे नाहीत. स्वतः बंदराकडे नोकरीला. वीस गुंठे राहिलेत, ते गावातल्याच एका गरिबाला अर्धेलीने दिलेले. पंचनामा झाला, सातबाऱ्यावर नाव गृहस्थांचे, तेव्हा सोळाशे रुपये त्यांच्याच खात्यात आले. कसणाऱ्याने भीत भीत विचारले, "दादा, आपल्या शेताचं काय आलं का?" ह्यांनी तीनशे काढून दिले, "घे, पोरांना खाऊ ने." हे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले, एखादे पुण्य घडल्यासारखे.

आता अर्धेलीचे नाव कागदावर का नसते? १९४८ चा कूळकायदा झाला कसणाऱ्याच्या संरक्षणासाठी. १ एप्रिल १९५७ हा तर कृषकदिन ठरला. तेव्हापासून मालकाला धास्ती की कागद केला तर जमीन जाईल. म्हणून सारा व्यवहार तोंडी. आणि तलाठी तोंडी व्यवहाराचा पंचनामा कसा करणार? दोष एकट्या तलाठ्याचा नाही.

मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे उघडली. कीर्तनात आपण पुढचा चमत्कारच रंगवतो, देवाने विठूचे रूप घेऊन बिदरास रक्कम भरली तो. मला आधीचा भाग विचार करायला लावतो. किल्ली पंतांच्या हाती, धान्य दुसऱ्याचे, भूक तिसऱ्याची. खात्यात पैसे आले म्हणजे गृहस्थांच्या हाती किल्लीच आली की! तिला दान म्हणायचे कसे?

आणि हा मुलूख तरी कोणता? १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या. पाच जण कामी आले. मोबदला म्हणजे भीक नव्हे, हे आम्हांला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

मालकाचीही बाजू आहे. खारबांधाला खांड पडून खारे पाणी शिरले तर पुढे किती पावसाळे जमीन नासते. ते नुकसान त्याचेच. पण ही मदत जमिनीची नव्हती, पिकाची होती. पीक आले असते तर निम्मे वाटले असते ना?

मी गृहस्थांना विचारले, "बी कोणाचं?"

"त्याचं."

"लावणी?"

"त्यानंच केली, बायकापोरं घेऊन."

"मग?"

"सरकारनं माझ्या नावावर टाकले ना!" म्हणाले, आणि माळ चाचपीत उठून गेले.

आठ दिवसांनी कळले की आणखी पाचशे पोचते केले. तीनशे आणि पाचशे, आठशे; निम्मे झाले. बियाण्याचे मात्र राहिले.