सल्ल्याचा आडोसा

३० डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या कायद्यात दोन तरतुदी शेजारी शेजारी आहेत. सिनेटर जॉन मॅकेन यांच्या आग्रहाने आलेली पहिली तरतूद कैद्यांना क्रूर, अमानुष वा मानहानीकारक वागणूक देण्यास मनाई करते. दुसरी तरतूद चौकशी करणाऱ्या सरकारी माणसाला बचाव पुरवते. आपली कृती बेकायदा असल्याचे त्याला ठाऊक नव्हते आणि सामान्य समजाच्या माणसालाही ते कळले नसते, एवढे पटवले की तो सुटतो. वकिलाच्या सल्ल्यावर सद्भावनेने विसंबणे हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. पुढच्याच वर्षी हा बचाव ११ सप्टेंबर २००१ पासूनच्या कृत्यांना लागू झाला.

असे संरक्षण मुळातच गैर म्हणता येणार नाही. न्याय विभागाचे लेखी मत पाहून काम करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला सरकार बदलताच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. २००९मध्ये बराक ओबामांनी अशांवर खटले न भरण्याची ग्वाही दिली, ती याच भूमिकेतून.

पण तो सल्ला कसला होता? १ ऑगस्ट २००२च्या टिपणात न्याय विभागाचे जे बायबी यांनी छळाची व्याख्याच आक्रसून टाकली: शारीरिक वेदना अवयव निकामी होताना किंवा मरताना होतात तितक्या तीव्र असतील, तरच तो छळ. त्याच दिवशीच्या दुसऱ्या टिपणाने सीआयए या गुप्तचर संस्थेच्या ताब्यातल्या अबू झुबैदा या कैद्यावर वॉटरबोर्डिंग, म्हणजे पाण्याने गुदमरवणे, करायला मोकळीक दिली. त्या महिन्यात ते किमान ८३ वेळा झाले. ही मते सीआयएनेच मागवली होती. ज्याला कृत्य करायचे आहे त्याने मागितलेला आणि ज्या सरकारला ते हवे आहे त्याच्याच वकिलांनी दिलेला सल्ला हा कायद्याचा शोध नसतो. तो आगाऊ काढून ठेवलेला जामीन असतो. व्याख्येचे ते टिपण २००४मध्ये सरकारनेच मागे घेतले. तोवर बायबी अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते.

सामान्य समजाच्या माणसाला हे कळले नसते, हा दावाही टिकत नाही. पाण्याने गुदमरवून कबुलीजबाब काढल्याबद्दल टेक्सासमधल्या एका शेरीफला १९८३मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्याचे डेप्युटीही दोषी ठरले होते. ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातल्या चौकशीच्या पद्धती कानावर येताच नौदलाचे मुख्य विधी सल्लागार अल्बर्टो मोरा यांनी २००२च्या अखेरीस वरिष्ठांकडे हरकत घेतली. ज्यांना पाहायचे होते त्यांना दिसत होते.

परिणाम काय झाला? सीआयएने कैद्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल सरकारी वकील जॉन डरहॅम यांनी चालवलेली चौकशी २०१२मध्ये एकाही आरोपपत्राविना संपली. सीआयएच्या ताब्यात झालेले दोन मृत्यूही तिच्या कक्षेत होते. त्यातला एक इराकमधल्या अबू ग्रेब तुरुंगातला. त्याच तुरुंगात कैद्यांची विटंबना करणारे खालच्या दर्जाचे सैनिक मात्र गजाआड गेले. त्यांच्या हाती कुठलेच टिपण नव्हते. करणारा वकिलाकडे बोट दाखवतो, वकील म्हणतो मी फक्त मत दिले, सत्ताधारी म्हणतो मी वकिलाला विचारले होते. प्रत्येकाची सद्भावना शाबूत राहते आणि गुन्ह्याला धनीच उरत नाही.

अमेरिकेने १९९४मध्ये मान्य केलेला छळविरोधी करार स्पष्ट सांगतो, की वरिष्ठाचा हुकूम हे छळाचे समर्थन होऊ शकत नाही. न्यूरेंबर्गच्या सनदेने हुकमाचा विचार फक्त शिक्षा सौम्य करण्यापुरता ठेवला होता. हाच मार्ग रास्त आहे. कनिष्ठाला सवलत द्यावी, पण काय घडले आणि कोणी सांगितले याची साक्ष त्याने न्यायालयात दिल्यावर. सल्ला देणाऱ्याला आणि मागवणाऱ्याला त्या सवलतीत वाटा नसावा. खालच्या माणसाला अभय द्यायचे, तर त्याच्या डोक्यावरची जबाबदारी वर सरकली पाहिजे. ती माफ करण्याचा अधिकार ती टाळू पाहणाऱ्यांकडे असता कामा नये.