उस्तादाचे मौन

भोसरीच्या आमच्या कारखान्यात नवा शिकणारा मुलगा आला, की त्याला ‘उमेदवार’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. निवडणुकीवाल्यांनी तो पळवला, ही गोष्ट निराळी. १९६१ साली आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात तापलेले ओतीव भाग उचलू लागला. माणसाला शिकवावे की यंत्राला, हा प्रश्न जणू एकाच मुहूर्तावर जन्मला!

यंत्राला शिकवणे सोपे. वेल्डिंगच्या रोबोला हातातल्या पेंडंटवरून एकेक बिंदू दाखवीत न्यावे. एकदा दाखवले की तो विसरत नाही आणि ‘असे का?’ म्हणून विचारीतही नाही. माणसाचे पोर विचारते. त्याला किती सांगावे आणि केव्हा गप्प राहावे, याचा निवाडा मला अजून पुरता करता आलेला नाही.

जुने उस्तादही गप्प राहत. हत्याराला धार लावायची, तर पाठ फिरवून लावीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पोटाची विद्या तेवढीच होती, आणि उद्या हाच पोरगा अर्ध्या पगारात आपल्या जागी उभा राहील ही भीती काही खोटी नव्हती. मी गप्प राहतो तो मुलाच्या भल्यासाठी, असे मी म्हणतो. परंतु कानस मारून घामाघूम झालेला, पट्टीला गुण्या लावून उजेडाची फट न्याहाळणारा मुलगा या दोन मौनांतला फरक ओळखणार कसा? त्याच्या बाजूने दोन्ही सारखीच.

तेव्हा नुसत्या चांगल्या हेतूवर सुटका नाही. किंमत कोण मोजतो ते पाहावे, असे मला वाटते. माझ्या गप्प राहण्याने बिघडलेला जॉब त्याच्या नावावर लिहिला गेला, तर मी त्या जुन्या उस्तादाहून वेगळा नाही. किंबहुना अधिक ढोंगी. म्हणून भंगाराच्या चिठ्ठीवर सही मी करतो.

बोटांचा प्रश्न आला, की मात्र मौन नाही. पेंडंटच्या पाठीला एक कळ असते. ती अलगद दाबून धरली तर रोबो चालतो, सोडली तर थांबतो. आणि करकचून आवळली तरीही थांबतो. घाबरलेला माणूस हातातली वस्तू टाकील की घट्ट धरील, हे आधी सांगता येत नाही ना! शिकवताना त्याचा वेगही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत. भ्यालेल्या हाताचा एवढा विचार ज्याने केला, त्याला मी मनोमन नमस्कार करतो, आणि जाळीचे दार उघडण्यापूर्वी मुलांना सारे काही दोनदा सांगतो.

“सर, तुम्हांला आधीच ठाऊक होतं ना?” परवा एकाने वाया गेलेली पट्टी पुढे धरून विचारले.

“होतं,” मी म्हटले.

तो रागावला, आणि मला त्याचा राग रास्तच वाटला. दुपारभर तो माझ्याशी बोलला नाही. कानसेचा आवाज मात्र येत होता.