वसती मागणाऱ्याला परत लावू नये



अतिथीला देव मानावे, ही तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील आज्ञा आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत याहून कठीण असे एक व्रत सांगितले आहे. त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. राहावयास जागा मागत आलेल्या कोणालाही परत लावू नये, असे ते व्रत होय. पहिल्या आज्ञेचे पालन एका पंक्तीच्या भोजनाने होऊ शकते. दुसऱ्यासाठी घरातील एक खोली आणि मनातील बरीच अडगळ रिकामी करावी लागते. अतिथी येतो तसा जातो; नवागत येतो तो राहण्यासाठी. म्हणूनच अतिथीपुढे हात जोडणारे आपण नवागतापुढे मात्र दाराची कडी धरून उभे राहतो.

आपण बडोद्याची मराठी मंडळी मुळात नवागतच आहोत. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि तिच्या मागोमाग आपले पूर्वज या गुर्जरभूमीत आले. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी शास्त्री, कोणी पुजारी. ते सत्तेच्या आश्रयाने आले हे खरे. तथापि सत्तेने वाडा मिळतो, शेजार मिळत नाही. तो येथील गुजराती बांधवांनी दिला. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, तरी आपली घरे आणि आपली देवळे येथेच राहिली.

ज्यांच्या नावाने आपण अभिमान बाळगतो ते सयाजीराव महाराज (तिसरे) हेही बाहेरूनच आले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. पुढे त्यांनीच गुणी माणसांसाठी नगराचे द्वार उघडे ठेवले. इंग्लंडमध्ये शिकलेले अरविंद घोष १८९३ साली येथे आले आणि १९०६ पर्यंत राहिले. संगीतातील थोर उस्ताद फैयाज खाँ यांनाही याच दरबाराने आश्रय दिला. मुंबई-अहमदाबादच्या मानाने लहान असलेल्या या शहराने मोठ्या माणसांना आपलेसे केले, असे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ साली महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. ठरलेल्या करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याच्या स्थानकावर उतरले. आपल्या आठवणींत त्यांनीच लिहून ठेवले आहे, की त्या वेळी त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो राहावयाचे कोठे, हा. हिंदूंच्या खाणावळींत आपणास कोणी घेणार नाही हे ते जाणून होते. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली मंडळी दारी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दर्शविली. रात्री नऊची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्या विद्वानाने कमाटी बागेत काढले.

सज्जनहो, कमाटी बागेत आपण नित्य फिरावयास जातो. तेथे क्षणभर थांबून विचार करावा. राजाने शिष्यवृत्ती दिली, दरबाराने नोकरी दिली, पण गल्लीने एक खोली दिली नाही. हा पुरुष आपलीच मराठी बोलणारा होता आणि शहरात मराठी घरांची वाण नव्हती. त्यांनी ती दारे ठोठावली नाहीत, कारण ती उघडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. नकार देण्याहूनही ही गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे.

अस्पृश्यता १९५० साली संविधानाने नष्ट केली. परंतु सभ्य नकार नष्ट झालेला नाही. आज विद्यापीठात शिकावयास, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करावयास दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येतात. भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वी त्यांना आडनाव विचारले जाते. आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव, आणि शेवटी चुलीवर काय शिजते ते. माझे बोलणे कोणाकडे बोट दाखवून नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरची माडीवरची खोली रिकामी असताना एका तरुणाला मी “ती नुकतीच गेली” असे सांगितले. त्याने नमस्कार केला आणि तो जिना उतरून गेला. त्याच महिन्यात माझा मुलगा परदेशात खोली शोधत दारोदार हिंडत होता आणि तेथील लोकांनी त्याला माणुसकीने वागवावे म्हणून मी देवापुढे दिवा लावीत होतो! त्या दिव्याचा उजेड माझ्याच जिन्यावर का पडला नाही, हा प्रश्न मला अद्याप सोडीत नाही.

कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला. यम घरी नव्हता. दोष त्याने जाणूनबुजून केलेला नव्हता. तरीही परत येताच साक्षात् मृत्युदेवाने त्या बालकाची क्षमा मागितली आणि प्रत्येक रात्रीसाठी एक असे तीन वर दिले. झालेल्या उपेक्षेचे परिमार्जन केवळ हळहळ व्यक्त करून होत नाही, हे यातून शिकावे.

आपणही तीन गोष्टी देऊ या. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी ती देताना वर्तन पाहावे, जन्म पाहू नये. ज्यांच्याकडे खोली नाही त्यांनी आपल्या गल्लीत नव्याने आलेल्या कुटुंबास पहिल्याच आठवड्यात भेटून पाणी कधी येते, दवाखाना कोठे आहे, एवढे तरी आपुलकीने सांगावे. आणि आपल्या मंदिराच्या येत्या महाप्रसादास प्रत्येक घराने एका नवागत कुटुंबास सोबत आणून आपल्याच पंक्तीत बसवावे. वेगळ्या पंक्तीत नव्हे.

पंढरीच्या पांडुरंगाला पुंडलिकाने निदान उभे राहण्यापुरती वीट तरी दिली. आपल्या दारी येणाऱ्याला आपण तेवढीही जागा देत नसू, तर देव्हाऱ्यापुढे किती वेळ बसतो याला काय अर्थ?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥