न विचारलेले

खोटे बोलू नये, हे आपण मुलांना आवर्जून शिकवतो. पण न विचारलेले खरे किती सांगावे, हे शिकवायचे राहूनच जाते. आणि व्यवहारातले कितीतरी तंटे नेमके तेथे उभे राहतात.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून जुनी मोटार घेतली. साताऱ्याला वरचेवर जायचे असे, म्हणून विचारले, "खंबाटकीचा घाट चढेल ना?" "चढेल की, साहेब!" आणि गाडी चढलीही, फक्त माथ्यावर इंजिनाने वाफ सोडली. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवून दाखवला. त्याची चीर लुकणाने बुजवलेली होती. मी परत गेलो, तेव्हा विक्रेते शांतपणे म्हणाले, "घाटाचं विचारलंत, ते खरं सांगितलं. रेडिएटरचं कुठं विचारलंत?"

हा युक्तिवाद फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात एक गृहस्थ आपले घर विकतो. त्या घरात साप निघतात, हे त्यालाच ठाऊक आहे. डायोजेनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, हे तर वाटसरूला जाणूनबुजून आडवाटेला लावणे झाले. सिसेरोने कौल दिला तो शिष्याच्या बाजूने.

आपला १९३० चा वस्तुविक्रय कायदाही घेणाऱ्याने पाहून घ्यावे, असेच आधी म्हणतो. परंतु घेणाऱ्याने आपले काम सांगितले असेल, तो विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबला असेल, आणि तसा माल विकणे हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर साधारणपणे माल त्या कामाचा असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. हा आधार मला पुरला. पुष्कळ घासाघीस झाली, रेडिएटर नवा बसला, वाद मिटला.

प्रश्न मात्र मिटला नाही. धर्मराजाने अश्वत्थाम्याची वार्ता सांगताना हत्तीचा उल्लेख पुटपुटला, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणाचार्य काय समजतील, हे त्याला पुरते ठाऊक होते. शिवाय अशा बोलण्याची झळ एकट्या गिऱ्हाइकालाच लागते असे नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले, की दोष झाकले जातात अशी धास्ती बसली म्हणजे लोक चांगल्या गाडीलाही पुरते दाम देईनासे होतात. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही.

उद्या मलाही ही गाडी विकायची आहे. सकाळच्या गारठ्यात दुसरा गिअर अडतो, हे गिऱ्हाइकाला दिसणार नाही आणि कदाचित तो विचारणारही नाही. सांगितले तर काही हजार रुपये कमी येतील. तरी मला एकच कसोटी पटते : जे पाहून कळणार नाही आणि कळले तर समोरच्याचा हात आखडेल, ते त्याने विचारण्याआधी सांगावे. सचोटीला पैसे पडतात, हे मुलांनाही एकदा सांगायला हवे. नाहीतर ती फुकट मिळते अशीच त्यांची समजूत व्हायची.