बोहाड्याचा मुखवटा वर्गात येऊ द्या

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या आदिवासी भागात बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाच्या, रात्री गणपती, शारदा, रावण अशी सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. तोंडावर जड मुखवटा पेलून तोल राखत नाचणं ही कमावलेली विद्या आहे. ती ज्याच्या अंगी आहे तो माणूस गावच्या शाळेत जातो, पण फक्त पालक म्हणून, कागदावर सही करायला. शिकवायला या, असं त्याला कुणी म्हणत नाही.

शाळांना रंगांचं वावडं नाही. भिंती बोलक्या करायच्या म्हणून पेंटर येतो, प्राणी, फळं, नकाशे रंगवून जातो. मुलं लांबून बघतात, कारण रंग ओला असतो आणि हात लावायची मनाई असते. रंगवण्याचा सगळा आनंद पेंटर एकटाच घेऊन जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मुखवटे घडवणारा माणूस महिनाभर, आठवड्यातून दोन दिवस सहावीच्या वर्गात यावा. मुलांनी कागद भिजवावा, कुटून लगदा करावा, मातीच्या साच्यावर थर चढवावेत. ओल्या थरावर दुसरा थर घाईने दिला तर काय होतं? डोळ्यांची भोकं कुठे पाडली म्हणजे आतल्याला समोरचं दिसेल? कपाळ जड झालं तर मान कुठे झुकते? हे प्रश्न हातातून उगवतात. बाईंनी तिथेच माप, वजन, समतोल शिकवावा. कलावंताला काम ठाऊक असतं, बाईंना मुलं ठाऊक असतात. एकमेकांवाचून दोघांचंही अडेल. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांत शिक्षकांच्या जोडीला कलेची पार्श्वभूमी असलेला माणूस कायमचा असतो, तो याच जाणिवेतून.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा कलेसाठी अर्धवेळ निदेशक देतो, पण उच्च प्राथमिक शाळेचा पट शंभरावर असेल तरच. डोंगरातल्या वाडीवरची शाळा त्या अटीत कशी बसणार? २०१५ मध्ये राज्याने अतिथी निदेशकांसाठी तासाला ५० रुपये मानधन ठरवलं. रोज बुडवून येणाऱ्या माणसाला हा आकडा सांगताना आपल्याला लाज वाटली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत नेमण्याची शिफारस आहे. ती कागदावरून उतरवायची तर जिल्हा परिषदेने स्वतःच्या सेस निधीतून निदान दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नसेल इतकं मानधन द्यावं आणि पटाची अट सोडावी. सत्कार, शाल, नारळ यांवर कुणाची चूल पेटत नाही.

जे बोहाड्याचं, तेच तमाशाचं. हाच नगर जिल्हा शाहीर अनंत फंदीचा. कांताबाई सातारकरांचा तमाशाचा फड इथल्याच संगमनेरचा. यात्रांच्या हंगामात फड गावोगाव हिंडतात आणि कलावंतांच्या मुलांची शाळा मागे सुटते. जी मुलं शाळेत टिकतात, त्यांना आईचं काम सांगताना जीभ जड होते, कारण तमाशा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. त्या मुलांसमोर कलेच्या थोरवीवर भाषणं करून काय होणार?

जोतिराव फुल्यांनी याच जिल्ह्यात, नगरला, मिशनरी मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला नगरलाच आल्या. ज्यांना शाळेचा उंबरा बंद होता, त्यांतलीच एक फळ्यापाशी उभी राहिली. आज ढोलकीचे बोल शिकवायला फडातली एखादी आई वर्गात आली, हेडमास्तरांनी उठून तिला खुर्ची दिली आणि मुलांनी 'नमस्ते बाई' म्हटलं, तर त्याच वर्गातली तिची मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसेल.