लव्हाळ्याचे मूळ



सज्जनहो, लव्हाळ्याचा दृष्टांत ठाऊक नाही असा वारकरी विरळा. तुकोबारायांनी तो घरोघर पोहोचविला. पण त्याचे कूळ फार जुने आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्य धर्मराजास सरिता-सागराचा संवाद सांगतात. सागर नद्यांस पुसतो, एवढाले वृक्ष मुळासकट वाहून आणता, मग काठचा बारीकसा वेत माझ्याकडे कधीच का येत नाही? गंगा सांगते की वृक्ष ताठ राहतात म्हणून जातात. वेत लवतो, आणि वेग ओसरला की पुन्हा आपल्या जागी उभा राहतो.

मी चाळीस वर्षे कीर्तनात 'लवतो' एवढेच सांगत आलो. 'आपल्या जागी' हे दोन शब्द माझ्याकडून सुटले. ते कसे सापडले, ते ऐका.

नेवाशास कीर्तन होते. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेच हे प्रवराकाठचे क्षेत्र. कीर्तन संपल्यावर जवळच्या खेड्यातील एक म्हातारी माळकरीण पुढे आली. म्हणाली, "महाराज, नातवानं इचारलं, लव्हाळा कसा असतो? दावाया नदीवर गेले, तर वाळू उपसून काठाची नुसती दरड झालेली. कुठून दावू आता?"

मला उत्तर सुचले नाही. दुसरे दिवशी मी तिच्याबरोबर नदीवर गेलो. जेथे वाळूचा उपसा झाला होता तेथे पात्र खोल गेलेले, काठ उघडा पडून ढासळलेला, आणि एक जुने करंजाचे झाड आडवे झालेले. बरेच वर गेल्यावर मात्र वाळुंज दिसली, पाणकणसे दिसली आणि ओलीत लव्हाळा दिसला. एक ठोंब हलवून पाहिला, हलेना. भोवतीची माती किंचित उकरली. वर वीतभर हिरवे पाते, आणि खाली मुळांचे जाळे, त्यात मोथ्यासारख्या गाठी! पाते सुकले तरी गाठ पुन्हा फुटते. त्या जाळ्यानेच काठाची माती धरून ठेवली होती. माउली म्हणाली, "हा सोता वाचतो, आन् काठाला बी वाचिवतो."

बाप हो, चाळीस वर्षांच्या माझ्या निरूपणात जे नव्हते, ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले.

आता दुसरी वनस्पती पाहा. आळंदीस इंद्रायणीत जलपर्णी आपण पाहिली आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे इकडे आली. फूल मोठे देखणे. तीही पुराशी भांडत नाही. मग तिला नम्र म्हणावे काय? तिचे मूळ पाण्यात लोंबते, मातीला धरीत नाही. गावाचे सांडपाणी हाच तिचा आहार. पसरली की पाण्याचा उजेड आणि वारा कोंडते, खाली मासा तडफडतो. पूर आला की जिकडे लोंढा तिकडे ती. नमणे वेगळे आणि वाहवत जाणे वेगळे!

आपली भक्ती या दोहोंपैकी कोणती? वारीत माना लवतात, एकमेकांच्या पाया पडतो. पण घरी परतल्यावर आपल्या आधाराने कुणाचा काठ टिकतो काय? गावची वाळू रात्री उपसली जाते तेव्हा 'आपल्याला काय करायचे' म्हणून गप्प बसतो, ती नम्रता नव्हे, ती जलपर्णी.

म्हणून एक नेम मागतो. काठचा लव्हाळा, वाळुंज, करंज तोडू नका, तोडू देऊ नका. निर्माल्य आणि सांडपाणी नदीत सोडू नका. वाळूचा प्रश्न ग्रामसभेत हात जोडून, पण जागा न सोडता मांडा. पुढल्या खेपेस त्या नातवास आपल्याच गावच्या काठावर लव्हाळा दिसावा, एवढेच त्या विठुरायापाशी मागणे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!