टोकापासून मोजताना

रिकाम्या पुंगळीत मोजून दारू भरायची, तोंडात गोळी दाबून बसवायची आणि रायफलचं काडतूस घरीच बनवायचं, हा इथे टेक्सासमध्ये गॅरेजमधला छंद आहे. मला तो शेजारच्या आजोबांनी शिकवला. त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांच्या स्पर्धेची काडतुसं त्यांच्याच प्रेसवर मी बनवतो.

गोळी प्रत्येक पुंगळीत सारखीच खोल बसायला हवी. खोली बदलली की आतली जागा बदलते, दाब बदलतो, नळीतल्या पेचदार खाचांपर्यंतचं अंतरही बदलतं. म्हणून मी कॅलिपरने प्रत्येक काडतूस बुडापासून टोकापर्यंत मोजलं. आकडे जुळेनात. इंचाच्या तीन-चार हजारांशांचा फरक. जे लांब निघालं ते पुन्हा प्रेसमध्ये घालून कणभर आत दाबलं. रात्री दीडपर्यंत पन्नासच्या पन्नास एका आकड्यावर आणली. स्वतःवर जाम खूश होतो.

स्पर्धेत त्यांच्या गोळ्या विखुरल्या. त्यांनी टार्गेटच्या कागदाची घडी घातली, उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात गेला आता." पुढच्या स्पर्धेला नाव दिलं नाही.

नंतर मी कम्पॅरेटर आणला. तो टोक सोडून, गोळी निमुळती होत जाते त्या भागावर टेकतो. मॅचच्या गोळ्यांची पोकळ टोकं मुळातच थोडी ओबडधोबड असतात, आणि प्रेसमधली डाय गोळीला टोकावर नाही, त्याच्या खाली धरून दाबते. म्हणजे डायने सगळ्या जवळपास सारख्याच बसवल्या होत्या. कमीजास्त होती ती टोकं. ती जुळवायला मी नीट बसलेल्या गोळ्या हलवल्या. उरलेली सात काडतुसं मोजली, सातही वेगळी.

मी खोटं बोललो नव्हतो, कामचुकारपणाही केला नव्हता. उलट, एखाद्या आळशी माणसाने काहीच न मोजता दिली असती तर ती बरी निघाली असती, हेच जास्त टोचतं. कष्ट केले म्हणून चूक हलकी होते का? मला तरी तसं वाटत नाही. कष्टांमुळे फक्त माझी खात्री वाढली होती.

आणि सांगायचं तरी काय? एवढ्याशा फरकाने गोळ्या इतक्या विखुरतातच असं नाही. हात खरंच थरथरला असेल, तर माझी कबुली म्हणजे खोटा दिलासा. पण काय घडलं हे ठरवायला त्यांच्याकडे अर्धीच माहिती आहे, आणि उरलेली अर्धी माझ्या खिशात.

काल संध्याकाळी ती सात काडतुसं आणि कम्पॅरेटर घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते चष्मा शोधायला उठले.